दोन ठोके

दिवे गेले, असं पहिल्यांदा वाटलं.

दिवे गेले नव्हते. ती माझ्या आणि दिव्यांच्या मध्ये आली होती. माझी पाठ टाकीच्या कोपऱ्यात, डाव्या हाताला लोखंडी शिडी, आणि समोर नुसती तिची कूस. काळीभोर, गुळगुळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत तीच. लांबीला पंधरा फूट आणि वजनाला टनाच्या वर. मी पाण्याखाली वीस फुटांवर होतो आणि वरून येणारी हवेची नळी तिच्या अंगामागे भिंतीशी चिमटली होती. मी श्वास ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. नाही.

माझी पाचावर धारण बसली. हातात पाना होता, तो मी शिडीवर आपटायला लागलो. वर बाबलकाका आहे, त्याला ऐकू जाईल, तो काहीतरी करील. ठण, ठण, ठण. जितका आपटावा तितकी ती मला आणखी दाबायची. फासळ्या करकरल्या. मी तिच्या अंगावरही पाना मारला. ती हलली नाही. मग डोळ्यांपुढे तांबडे ठिपके आले, बोटं सैल झाली आणि पाना तळाशी गेला.

पाना पडल्यावर आवाज थांबला. थोड्या वेळाने, म्हणजे दोन क्षण की दहा ते मला आजही सांगता येणार नाही, तिचं अंग बाजूला झालं. खालून काहीतरी माझ्या मांड्यांखाली शिरलं आणि मी वर उसळलो. डोकं पाण्याबाहेर आलं तेव्हा बाबलकाकाने माझे केस धरले आणि मला गोणीसारखं काठावर ओढून घेतलं. मी ओकलो. मग रडलो. तीस वर्षांचा बाप्या माणूस, मालवणच्या समुद्रात वाढलेला, फरशीवर पडून लहान पोरासारखा हमसून रडलो आणि ते बघायला वीस-एक माणसं गोळा झाली होती.

हे आखाती शहरातल्या एका मत्स्यालयात घडलं. शहराचं नाव सांगत नाही. कुठे बोलणार नाही, असं करारात लिहून दिलं होतं आणि बावीस वर्षं झाली तरी त्या कागदाची भीती गेलेली नाही.

मी गाबीत, दर्यावर मासेमारी करणाऱ्यांतला. आमच्याकडे खडपातली शिनाणी, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला बुडी मारतात, ते मला दहाव्या वर्षापासून येतं. त्या जोरावर मला टाकी साफ करणारा पाणबुड्या म्हणून नोकरी लागली. काचेवरचं शेवाळ खरवडायचं, तळाच्या जाळ्यांचे नट आवळायचे. बाबल सारंग देवगडकडचा, माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. तो पंप सांभाळायचा आणि मी खाली असलो की माझी हवेची नळी धरून काठावर बसायचा. रोज सकाळी कामाला लागण्याआधी तो टाकीतलं पाणी बोटाने कपाळाला लावी. मी हसलो तर म्हणे, "हस मेल्या. देवमासो तो. आमच्या बापाशीन जाळ्यात गावलो तर जाळा कापून सोडल्यानी. हय तेका चेंडू खेळूक लावतत."

टाकीच्या फलकावर तिचं नाव प्रिन्सेस होतं. बाबलकाका तिला बाय म्हणायचा, म्हणून मीही. दिवसाला तीन खेळ. बाय उडी मारायची, शेपटीने लोकांना भिजवायची, माणसं टाळ्या पिटायची. उरलेला वेळ ती टाकीत गोल फिरायची, नेहमी डावीकडून उजवीकडे. काच खरवडताना मी तिचे फेरे मोजायचो आणि शंभराच्या पुढे कंटाळून सोडून द्यायचो. मला तिची दया वगैरे येत नव्हती, खोटं कशाला सांगू? मला तिची भीती वाटायची. एवढ्या मोठ्या जिवाने आपल्याकडे एका डोळ्याने बघत जायचं, हे बरं वाटत नाही.

एरवी तिला फाटकाआड मागच्या टाकीत घालूनच आम्ही उतरायचो. मागची टाकी म्हणजे लग्नाच्या मांडवातल्या स्वयंपाकघराएवढी जागा. काच नाही, ऊन नाही, भिंतीपलीकडे चोवीस तास पंपांची घरघर. तिथे ती तासभर राहिली तरी बाहेर येऊन अर्धा दिवस काही खायची नाही. त्या दिवशी मागच्या टाकीचं पाणी बदलायचं होतं, म्हणून तिला शिकवणाऱ्या इरिनाने तिला मोठ्या टाकीतच, समोरच्या टोकाला, मासे देत थांबवलं होतं. सकाळचे साडेदहा वाजले होते. काम अर्ध्या तासाचं होतं.

डॉक्टरने फासळ्या तपासल्या, दोन तडकल्या होत्या. मला पंपघरात बाकावर झोपवलं. सगळे गेल्यावर बाबलकाकाने दार लावून घेतलं आणि माझ्या उशाशी उकिडवा बसला.

"जगो, तू ठोकलस?"

"ती माका दाबूक लागली तेव्हा ठोकलंय. मदत होई म्हणान."

"त्या नाय इचारूक. त्याच्या आधी. दोनदा ठोकलस. माका काठावर ऐकूक इला."

मी भिंतीकडे तोंड वळवलं. कारण मी ठोकलं होतं.

आमच्याकडे बुडी मारणारा वर येताना होडीच्या बुडाला दगडाने दोनदा ठोकतो. वरच्याने वल्हं आवरायचं, नाहीतर ते डोक्यात बसतं. लहानपणी बापाने चापट मारून शिकवलेली गोष्ट, ती हाताला लागली होती, डोक्याला विचारत नव्हती. मत्स्यालयात तर पहिल्याच दिवशी सही घेतली होती, की टाकीत धातूवर धातू आपटायचा नाही, वर यायचं तर नळी ओढायची. दोन वर्षं मी नळीच ओढली. पण खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी असायची, आणि त्या दिवशी जाळीचे नट आवळल्यामुळे हातात पाना होता. काम संपलं, मान वर केली आणि पान्याने शिडीला दोन ठोके दिले. मग टाकीच्या त्या टोकाकडून असा आवाज आला की माझे दात शिवशिवले, आणि अंधार झाला.

"चुकान झाला काका."

"तां मी वळाखलंय. हय दुसऱ्या कोणाक वळाखता येवचा नाय." त्याने एकदा दाराकडे पाहिलं. "आता आयक. देवस्थळी साहेब तुका बोलवतलो. तू ठोकलंय म्हणालस तर तुझी नोकरी गेली. नाय म्हणालस तर बायन आपसूक हल्लो केल्यान असा धरतले. तसल्याक मोठ्या टाकयेत ठेवणत नाय. मागल्या टाकयेत जातली ती, जल्मभर. इरिनान सांगल्यान माका."

"अकरा दिवसांनी सुमती येता."

"म्हायत आसा माका."

सुमती म्हणजे माझी बायको. लग्न झाल्यावर चौथ्या महिन्यात मी इकडे आलो. मुलगी झाली ती मी फोटोत पाहिली. दोघींच्या व्हिसासाठी दोन वर्षं खेटे घातले होते आणि शेवटी तो मिळाला होता, तिकिटं आली होती. नोकरी गेली की माझा व्हिसा जातो, माझा गेला की त्यांचाही. मुलगी दोन वर्षांची होत आली होती आणि फोनवर मला "हॅलो काका" म्हणायची.

देवस्थळी साहेब पुण्याचे. सुरक्षेचं खातं त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फासळ्यांची चौकशी केली. मग समोर छापील फॉर्म ओढला.

"कुबल, एकच गोष्ट नीट आठवून सांगा. तुम्ही खाली काही आवाज केला होता?"

"तिने दाबल्यावर केला साहेब. जीव वाचवायला."

"ते समजण्यासारखं आहे. त्याच्या आधी?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरताना दिसत होता. माझ्या तळहातांना घाम सुटला होता आणि मला वाटत होतं की तो त्यांना दिसतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

"नाही साहेब."

"नक्की? कारण कॅमेऱ्यात पाण्याखालचा शिडीचा कोपरा येत नाही आणि त्याला आवाजही नसतो. मला तुमच्या शब्दावर जायचं आहे."

"नक्की साहेब. ती आपोआप आली. मला कोपऱ्यात दाबलं, मग खालून वर फेकलं."

त्यांनी बाबलकाकाला आत बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या पायाकडे बघत तो म्हणाला, "माका काय ऐकूक नाय इला, साहेब." देवस्थळींनी लिहिलं, कारण नसताना हल्ला. मी सही केली. काकाने अंगठ्यासारखी दिसणारी आपली सही केली. बाहेर आल्यावर माझा जीव भांड्यात पडला, हे लिहायला आज लाज वाटते, पण पडला. काका मात्र त्या दिवसापासून माझ्याबरोबर जेवायचा बंद झाला.

तिसऱ्या दिवशी बायला मागच्या टाकीत घातलं आणि फाटक बंद करून त्याला कुलूप लावलं. मी तिकडे गेलो नाही. मी फासळ्यांना पट्टा बांधून खोलीवर पडून असायचो आणि दाराबाहेर कुणाची पावलं वाजली की वाटायचं, कळलं यांना, आले घ्यायला. रात्री डोळा लागला की श्वास अडकून जाग यायची. भीती तिची होती की साहेबांची, हे मला वेगळं करता येत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी इरिना खोलीवर आली. रशियाकडची, पन्नाशीची बाई, तळहात मासे कापून कापून चिरलेले. तिची हिंदी मोडकी, माझी तिच्याहून मोडकी, पण काय बोललो ते मराठीत सांगतो.

"ती खात नाही," इरिना म्हणाली. "कोपऱ्यात तोंड घालून उभी असते. तू काही वाजवलंस का?"

"नाही."

"मी साहेबाला सांगायला आले नाही. मला फक्त माहीत करून घ्यायचं आहे. ती असं कारणाशिवाय करत नाही. अकरा वर्षं आहे मी तिच्याबरोबर."

"नाही म्हटलं ना."

ती खाटेच्या कडेला बसली. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"तिला पकडलं तेव्हा मी तिथे होते," ती म्हणाली. "किनाऱ्यावर. चांगलं जनावर निवडायला मला पाठवलं होतं. दहा-बारा होड्या होत्या, एका रांगेत. प्रत्येक होडीतून एक लोखंडी नळ पाण्यात सोडलेला आणि एक माणूस त्यावर हातोडा मारतोय. सकाळपासून दुपारपर्यंत. आवाजाला भिऊन ती पुढे पळतात, होड्या मागून येतात, आणि शेवटी खाडी बंद होते."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती. आमच्या खाडीत बोय मासे धरतात ते असंच. होड्या अर्धगोल लावायच्या आणि काठांवर दांडके आपटायचे. मी स्वतः कितीदा आपटलेत. मासा जाळ्यात शिरतो तो जाळं दिसत नाही म्हणून नव्हे, आवाजाने त्याची अक्कल जाते म्हणून.

"सगळी चाळीस होती," इरिना म्हणाली. "एकमेकांना सोडून जात नाहीत. तिच्याजवळ पिल्लू होतं, एवढं." तिने हात पसरले, साधारण माझ्या उंचीएवढे. "खाडीच्या टोकाला खडक आहेत. तिने ते पिल्लू खडकाच्या कोपऱ्यात सारलं आणि स्वतः आडवी उभी राहिली. आवाजाकडे पाठ करून. नळ वाजत होते तोवर हलली नाही. थांबले तेव्हा खाली गेली, त्याला पाठीवर घेऊन वर आणलं. श्वास घ्यायला."

पट्ट्याखाली फासळ्या दुखत होत्या.

"मीच तिच्याकडे बोट दाखवलं," इरिना म्हणाली. "ही शांत आहे, ही शिकेल, म्हणून. पिल्लू नको म्हणाले. फार लहान होतं." ती उठली. दारात थांबली. "कॅमेऱ्यात तुझं डोकं वर येताना दिसतं. तिने फेकलेलं नाही तुला. फेकते तेव्हा कसं फेकते ते मला माहीत आहे."

ती गेली. मी बायच्या कुशीवर लोखंडी पाना मारला होता आणि ती जागची हलली नव्हती. तिच्या अंगावर तो वळ असेल, एवढंच मला सारखं आठवत होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कळल्यावर हा माणूस उठला असेल आणि तडक साहेबाकडे गेला असेल. नाही गेलो. सहा दिवस राहिले होते. मी मनाला सांगितलं, सुमती येऊ दे, पोरीला एकदा बघू दे, मग बघू. एकदा पंपघरापर्यंत गेलो. बाबलकाका मागच्या टाकीच्या फाटकाशी बसला होता आणि आत बघून काहीतरी पुटपुटत होता. मला बघून त्याने फक्त विचारलं, "कधी येतत?"

"शुक्रवारी."

"बरा," तो म्हणाला आणि पुन्हा फाटकाकडे वळला. मी आत बघितलं नाही.

शुक्रवारी सकाळी विमानतळावर गेलो. नवा शर्ट, हातात पोरीसाठी बाहुली. दारातून माणसं बाहेर पडत होती. सुमती दिसली. फोटोतल्यापेक्षा बारीक झाली होती, एका हाताने गाडी ढकलत होती आणि दुसऱ्या हाताने पोरीचं मनगट धरून होती. मी हात वर केला. तिने मला अजून पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागून सामानाच्या रिकाम्या गाड्यांची लांबलचक रांग येत होती, ती खांबावर आदळली. केवढा आवाज झाला! लोखंडावर लोखंड, सगळा हॉल दणाणला. माणसं दचकली. सुमतीने आपली गाडी सोडली, पोरीला भिंतीच्या कोपऱ्यात सारलं आणि आवाजाकडे पाठ करून तिच्यावर आडवी उभी राहिली. पोर दिसेनाशी झाली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, कारण आई तिला फार जोरात दाबत होती.

मी तिथेच खाली बसलो, बाहुली मांडीवर घेऊन. काही झालेलं नाही हे कळल्यावर सुमती बाजूला झाली, तिने पोरीला कडेवर उचललं आणि मग तिला मी दिसलो.

"अहो, असे खाली कित्याक बसलात?" ती धावत आली. "बरा नाय काय?"

"सुमती," मी म्हणालो, "आपणाक परत जावचा लागतला."

बिचारीने अडीच वर्षांनी नवरा पाहिला आणि त्याचं पहिलं वाक्य हे. तिने आधी मला पाणी पाजलं, मग काय झालं ते विचारलं. मी तिथेच, खांबाशी बसून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि पोरीच्या मनगटावर उठलेली आपली बोटं चोळत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मग जावा. आमी हय थांबतो."

देवस्थळी साहेबांनी शांतपणे ऐकलं. फॉर्म काढला, नवा. "कुबल, याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?" मी म्हणालो, कळतो. मी सही केली. बाबलकाकाचं नाव मी घेतलं नाही. त्याने काही ऐकलं नव्हतं, हे मी पुन्हा लिहून दिलं, म्हणजे त्या कागदातही एक खोटं राहिलंच. आठ दिवसांत आम्ही तिघं मालवणला परतलो. जाण्याआधी बायला बघायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

महिन्याभराने बाबलकाकाचा फोन आला. फाटक उघडलं होतं.

"भायर इली?" मी विचारलं.

"पयल्या दिवशी नाय इली. फाटक उघडा, आणि ही कोपऱ्यात तोंड घालून. दुसऱ्या दिवशी इली. आता फिरता मोठ्या टाकयेत."

"डावीकडसून उजवीकडे?"

"तसाच." त्याच्या मागे पंपांची घरघर ऐकू येत होती. "लहान तुरुंगातसून मोठ्या तुरुंगात, जगो. तुझी नोकरी गेली ती एवढ्यासाठी."

ती पुढे किती जगली ते मला माहीत नाही. काका चौथ्या वर्षी गावी आला आणि त्याच वर्षी गेला. इरिनाचं काही कळलं नाही. मी शिनाणी काढतो, भाऊ होडीवर असतो. बोय धरायला मात्र जात नाही. भाऊबंद म्हणतात, आखातात जाऊन जगोचं डोकं फिरलं. माझी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे आणि तिला ही गोष्ट सुमतीने सांगितली, मला सांगवली नाही.

वर येताना मी ठोकत नाही. पाण्यात कोण असेल आणि त्याला काय आठवेल, सांगता येत नाही. त्यामुळे भावाचं वल्हं आजवर दोनदा माझ्या डोक्यात बसलंय, एकदा चार टाके पडले. तो दर वेळी शिव्या घालतो. "मेल्या, बापाशीन शिकवलेला इसारलस काय? ठोक की रे वर येताना!"

मी होडीच्या काठाला धरून आधी दम खातो. मग म्हणतो, "तूच जरा बघून वल्हव."